दोन खटके

बर्फावर काळ्या कपड्यातल्या माणसाचा फोटो काढायचा, तर कॅमेऱ्याचं ऐकायचं नाही. कॅमेरा मूर्ख असतो. समोर सगळं पांढरंफेक दिसलं की त्याला वाटतं, उजेड फार झाला, आणि तो उजेड कापतो. मग बर्फाची होते राख आणि माणसाचा कोळसा. म्हणून उजेडाची चकती दोन खटके पुढे सरकवून उजेड वाढवायचा. सिनाकाराच्या हिमनदीवरच्या यात्रेत फोटो काढून पोट भरणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे ठाऊक आहे. आमच्या गावच्या तायता, म्हणजे बाबा, निकानोरनाही ठाऊक होतं, कारण पहिल्या वर्षी मी त्यांचा कोळसा केला होता.

"ब्रिखिदा, हा मी की चुलीतलं लाकूड?" तेव्हा त्यांनी विचारलं होतं. पुढे दर यात्रेला हाच टोमणा.

तायता उकुकू होते, म्हणजे आमच्या यात्रेतले अस्वल. अंगभर काळी झालर, तोंडावर विणलेला मुखवटा, हातात चाबूक, आणि आवाज मुद्दाम काढलेला, किनरा. हिमनदीवर उकुकूंचाच शब्द चालतो. तिथे आपण अपूच्या, डोंगरदेवाच्या अंगावर उभे असतो. वेडंवाकडं बोललात की चाबूक पायांवर बसतो, मग तुम्ही पाद्री असा नाहीतर आणखी कुणी.

खाणीतल्या धुळीने त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. यंदाची चढण शेवटची, हे सगळ्या गावाला कळत होतं, कुणी बोलत नव्हतं एवढंच. थडग्यावर काचेआड लावायला फोटो हवा होता, आणि माझ्याकडच्या त्यांच्या सगळ्या फोटोंत नुसता मुखवटा. निघताना त्यांच्या बायकोने, फोर्तुनाताने, माझा दंड धरला.

"पोरी, मला अस्वल नकोय. नवरा हवाय. त्याचं तोंड दिसू दे."

"मग घरीच काढू या ना," मी म्हटलं.

"घरातला म्हातारा काय, कुणीही काढेल," तायता आतून ओरडले. "बर्फावरच काढायचा!"

उजाडल्यावर आम्ही वर पोचलो. जिथे बर्फ असायचा तिथे काळे खडक उघडे पडले होते. उरलेला बर्फ धुळीने माखून भांडी धुतलेल्या पाण्यासारखा झाला होता. गेल्या वर्षी इतकी वाईट दशा नव्हती. मला रडू आलं, आणि रागही आला, कुणावर ते कळेना. तायता मुखवट्याआडून काय बघत होते देव जाणे.

"दोन खटके दे," ते किनऱ्या आवाजात म्हणाले.

"तायता, आज नको. आज बर्फ..."

"काय, आज बर्फ?"

अशा मळक्या बर्फावर कॅमेरा उजेड कापतच नाही. वर आणखी दोन खटके दिले तर सगळंच जळून पांढरं होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण अपूच्या अंगावर उभं राहून त्यालाच तू मळलास, तू संपलास, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

"आज उजेड वेगळाय," मी म्हटलं.

"बर्फ आहे ना? मग दोन. मला ऐकू आले पाहिजेत." चाबूक माझ्या पायाशी आपटला. ही थट्टा नव्हती.

मी दिले. एक, दोन. तायतांनी मुखवटा कपाळावर सारला. गाल बसलेले, चघळलेल्या कोकाच्या पानांनी ओठ हिरवे, डोळ्यांत वाऱ्याचं पाणी. आणि ते हसले. वर हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मी बटण दाबलं.

दुसरा फोटो घ्यायला मी गुपचूप चकती मागे फिरवली, तोवर खोकल्याने त्यांना धरलं. मुखवटा खाली आला, ते गुडघ्यांवर बसले. दोन उकुकूंनी त्यांना उचलून खाली नेलं.

घरी ते अंथरुणालाच खिळले. मी फोटो नेला. नेला नसता तर त्यांनी रोज मागितला असता. त्यांनी तो हात लांब करून धरला.

"बघ, बर्फ किती!" ते आपल्या खऱ्या आवाजात म्हणाले. "पूर्वीसारखा."

"हो, तायता."

"आणि मी?"

झालरीचा एक फिकट डाग तेवढा उरला होता. त्याच्या वर, चेहऱ्याच्या जागी, नुसतं पांढरं. मी तिथे बोट ठेवलं. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ आणला.

"कोळसाच बरा होता की गं."

मी कॅमेरा पिशवीतून काढला. "आत्ता एक काढू या, तायता. इथेच." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, ते पुन्हा वळवलं नाही. तीन दिवसांनी ते गेले.

फोर्तुनाताने तोच फोटो काचेआड लावला. उघड्या तोंडाचा दुसरा होता कुठे? परगावची माणसं थांबतात, विचारतात, "बाई, इथे कोरा कागद कशाला लावलाय?"

"कोरा नाही," ती म्हणते. "तो बर्फ आहे."

तेवढंसुद्धा खरं नाही.