कल्हई उडालेला टोप

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना टोप आहे. रेवदंड्याच्या तांबटाने मला ठोकून घडवले आणि माझ्या मालकीण शेगुलाबाई यांच्या आईने मला घरी आणले. ही माणसे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मटण आणि दूध त्यांच्या एका जेवणात चालत नाही. म्हणून सणाचे गोडधोड नारळाच्या दुधात होते, आणि ते शिजवायचा मान माझा. मटणाच्या टोपाला तर माझ्या शेजारीही ठेवत नसत!

पुढे शेगुलाबाईंचे यजमान जालन्याच्या एमआयडीसीत कामाला लागले, तसा बाईंना आईकडून मिळालेला मीही इथे आलो. दरवर्षी कल्हई व्हायची, मी आतून लख्ख दिसायचो. मग कल्हईवाला गल्लीत यायचा बंद झाला. यजमान गेले. घरात स्टील आले आणि मला कोणी विचारेना. मला राग यायचा, खोटे कशाला बोलू?

गेल्या वर्षी त्यांच्या नव्या वर्षाचा सण आला. संभाजीनगरला बाईंच्या थोरल्या भावाकडे, शालोमदादांकडे, सगळे जमणार होते. प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा होता. पण दादा अंथरुणाला खिळलेले, अन्नाला शिवत नव्हते. काय न्यावे, हे बाईंना सुचेना. मलिदा वहिनी करणार होती. पुरणपोळी दादांना चावली नसती. शेवटी फोनवर दादाच म्हणाले, "आईसारखा चिकाचा हलवा आण. तेवढा खाईन मी."

बाईंना हुरूप आला. त्यांनी गहू भिजत घातले. शेजारच्या पुष्पाबाई टेंभुर्णीच्या, कुरडयांचा चीक काढण्यात तरबेज. आंबलेले गहू वाटून त्यांनी चीक गाळून दिला. तो ओतायला बाईंनी मला खाली काढले, तसे पुष्पाबाईंचे लक्ष माझ्याकडे गेले.

"मावशी, याची कल्हई पार उडाली की. आंबट चीक यात ठिवला तर बिलकुल कळकंल. महं स्टीलचं पातेलं घ्या."

"एका रात्रीत काय होतंय, पुष्पा? दादाला आईच्या टोपातलाच पाहिजे."

चीक माझ्या पोटात निवळत राहिला आणि माझे तांबे त्यात उतरत राहिले. ओरडता आले असते तर किती बरे झाले असते! सकाळी बाईंनी नारळाचे दूध आणि साखर घालून हलवा घोटला. त्यात गुलाबी रंग घातला, त्यामुळे हिरवी झाक दिसली नाही. मला फडक्यात बांधून त्यांनी बस पकडली.

प्रार्थना झाली. दादांना उशीला टेकवून बसवले. पहिला चमचा तोंडात जाताच त्यांचा चेहरा वाकडा झाला. समोर बहीण डोळ्यांत प्राण आणून बघत होती. त्यांनी घास गिळला.

"शेगू, आईसारखाच झालाय गं."

त्यांनी आणखी मागून खाल्ला. थोड्या वेळाने उलट्या सुरू झाल्या.

सणाचे दिवस सरायच्या आत दादा गेले. हृदय आधीच थकले होते, हलव्याचा दोष नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. बाईंना ते पटत नाही. मलाही पटत नाही.

पुष्पाबाईंनी मला कुंभार पिंपळगावच्या बाजारात नेले, कल्हईवाला शोधून काढला. मी पुन्हा चकचकीत होऊन घरी आलो. बाईंनी आत डोकावून पाहिले.

"आता कोणासाठी गं, पुष्पा?"

मित्रांनो, घरात असा टोप असेल तर त्याला आधी कल्हई करा, मग त्याच्यावर माया करा. आणि कळकलेला घास कोणी तुमच्यासाठी गोड मानून खात असेल, तर त्याच्या हातातला चमचा काढून घ्या.