सुसंगत पडदा

धुळ्याच्या देवपुरात शिक्षिका असलेली माझी बहीण संघमित्रा तिथल्या गायनपथकासोबत रविवारी सकाळी टीव्हीवर गाणार होती. हे कळताच आईने पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीतील बायकांना पोहे-चहाचे निमंत्रण देऊन टाकले. लेक साऱ्यांनी टीव्हीवरच पाहावी, एवढाच तिचा हट्ट. वाहिनी फक्त एचडीत दिसणारी होती. वडिलांनी, म्हणजे आबांनी, तिचा पॅक निःशंकपणे घेतला. आमच्या टीव्हीच्या कोपऱ्यावर 'एचडी रेडी' असे चकचकीत लेबल अजून शाबूत आहे. ते काढले की टीव्ही जुना होतो, अशी त्यांची श्रद्धा.

शनिवारी पॅक सुरू झाला आणि निळ्या पडद्यावर एक वाक्य उमटले: 'आपला डिस्प्ले या सेवेशी सुसंगत नाही.'

फोन करण्याची कामगिरी माझ्यावर आली. घरात सर्वांत कमी मी बोलतो, म्हणून विचारी समजला जातो.

"सर, आपला टीव्ही एचडी आहे का?" कस्टमर केअरच्या मुलीने मायेने विचारले.

"एचडी रेडी आहे."

"रेडी म्हणजे पूर्ण एचडी नव्हे, सर."

"मग तो कशासाठी रेडी आहे?"

"त्यासाठी टीव्हीच्या कंपनीशी बोलावे लागेल, सर."

टीव्हीच्या कंपनीने सेट-टॉप बॉक्सकडे बोट दाखवले, बॉक्सवाल्यांनी वायरीकडे. वायरीला फोन नव्हता, म्हणून ती गप्प राहिली. स्पर्धा परीक्षांची तयारी करता करता माझीही काही वर्षे अशीच सरली आहेत. सदैव तयार आणि कुठेच न चालणाऱ्या त्या टीव्हीविषयी मला प्रथमच आपुलकी वाटली.

रविवारी सकाळी केबलवाला योगराज आला. "आबा, बॉक्स आधी टीव्हीकडून हमी मागतो, की हा कार्यक्रमाची चोरटी कॉपी करणार नाही. तुमच्या टीव्हीला तशी हमी देता येत नाही. नवीनच घ्या."

"म्हणजे माझा टीव्ही चोर?" आबा लेबलावरून बोट फिरवीत म्हणाले.

बायका दारात चपला काढू लागल्या होत्या. आई धुळ्याकडची, घाबरली की माहेरच्या बोलीत शिरते. लेबलवाला टीव्ही ज्या भरतकामाच्या कापडावर विराजमान होता, त्याची लोंबती कड तिने वर उचलली. खाली आमचा जुना, फुगीर पोटाचा टीव्ही इतकी वर्षे स्टूल होऊन बसला होता.

"हाऊ चालस का, देख बरं भाऊ."

योगराजने लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी जोडल्या. जुन्याला कोणी काही विचारले नाही. हमी नाही, ओळख नाही. चित्र सरळ आले.

फक्त रुंद चित्र त्या चौकोनी काचेत मावेना. दोन्ही कडा कापल्या गेल्या. पथक ओळीने उभे होते आणि संघमित्रा अगदी डाव्या टोकाला. तिच्या निळ्या साडीचा काठ दिसला, आणि एक कोपर.

"कलाबाई, पोरगी कुठंय?" शेजारच्या प्रमिलाबाईंनी पोह्यांची बशी हाती घेत आईला विचारले. "का नुसता कोपर पाठवला टीव्हीवर?"

"एचडीत पूर्ण दिसली असती," योगराजने माहिती पुरवली.

आई उठली. काचेच्या डावीकडे, टीव्हीच्या काळ्या प्लॅस्टिकवर तिने तळहात टेकवला.

"आठेच शे ती, इथंच."

गाणे संपेपर्यंत तिने हात काढला नाही. मग बायकाही पडद्याऐवजी त्या हाताकडेच पाहत राहिल्या.