चित्र कुठे काढायचं

प्रश्न एवढाच होता, की चित्र कुठे काढायचं. कॉम्प्युटर चिप्सच्या सिलिकॉन चकतीवर कुठे कुठे दोष आहेत, ते कोट्यवधी ठिपक्यांनी दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही अमेरिकेत, चँडलरमध्ये करत होतो. दुसऱ्या टीमच्या राजीवचं म्हणणं, सगळं सर्व्हरवर करा आणि पडद्यावर तयार चित्र पाठवा. माझं म्हणणं, नुसते ठिपके ब्राउझरला द्या, समोरच्या मशीनचं ग्राफिक्स कार्ड चित्र काढेल. कंपनीला दोघांपैकी एकच टीम ठेवायची होती, आणि आम्ही दोघंही नोकरीच्या व्हिसावर. ज्याची पद्धत हरेल त्यानं दोन महिन्यांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं.

काय वाटतंय, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. काहीच वाटत नव्हतं. डबा खात होते, मुलीचा होमवर्क घेत होते, कोड लिहीत होते.

डेमोत माझं चित्र बोट फिरवावं तसं फिरलं. राजीवचं दर वेळी जरा अडखळायचं. मॅनेजर ग्लेन खुशीत होता. "कुणाला काही शंका?" त्यानं विचारलं.

राजीव गप्प. खरं तर त्याच्याकडे बोलायला होतं. डेमो माझ्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर होता. आमच्या ज्या फॅक्टरीत हे वापरायचं, तिथली मशीन्स जुनाट, ग्राफिक्स कार्डाचा पत्ता नाही. तिथे माझं चित्र जागचं हललं नसतं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. पण हरणारा बोलला की रडीचा डाव वाटतो, म्हणून हा आपला तोंड शिवून बसलेला. मला त्याचा भयंकर राग आला. बोल की बाबा, माझ्यावर कशाला ढकलतोस?

शेवटी मीच बोलले. "फॅक्टरीतल्या मशीनवर माझं चालणार नाही. राजीवचंच चालेल."

मुलीचं नाव शाळेतून कधी काढावं लागेल, याचा विचार डोक्यात आपोआप सुरू झाला.

ग्लेननं मान डोलावली. "बरं झालं सांगितलंस. मशीन्स बदलून घेऊ, तशीही बदलायला झालीत. मृणालिनीचंच फायनल."

संध्याकाळी नेहमीसारखी राजीवच्या गाडीतून घरी निघाले. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "तू बोललीस यार. मी एक्स्पेक्ट नव्हतं केलं."

"काय उपयोग झाला?"

"तरी बोललीस ना." मग जरा वेळानं, "ग्लेन मशीन्स बदलू म्हणाला, तेव्हा तू हुश्श केलंस."

"मी?"

"मोठ्यानं. ऐकू आलं मला." तो रागावलेला नव्हता. "मीही केलं असतं."

मला लाज वाटली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आणि खरं सांगायचं तर, तेव्हासुद्धा मला हुश्शच वाटत होतं.