फळीवरचा नमस्कार

मी हुसेनसागरावरची बोट. नाव चंद्रिका. बोलायला उशीर झालाय खरा, पण आता बोलतेय ते नीट ऐका, दोनदा सांगत बसायची मला सवय नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते. मला म्हातारी म्हणा, चालेल. बिचारी म्हणायचं नाही.

माझा जन्म काकिनाड्याकडचा. समुद्राच्या काठावर माझे पत्रे कापले, जोडले, आणि समुद्र नुसता लांबून दाखवून मला दोन तुकड्यांत लॉरीवर चढवलं. हैदराबादेत आणून पुन्हा सांधलं. पाणी कसं ओळखायचं, वारा कुठल्या बाजूने दगा देतो, हे मला कुणी शिकवलं नाही. हे तळं वरून फार सभ्य दिसतं. खाली गाळ आहे, आणि त्या गाळात वर्षानुवर्षं बुडवलेल्या गणपतींचे लोखंडी सांगाडे आहेत. त्यांच्यावरून तळ न घासता जायचं कसं, हे मी अंगावर ओरखडे घेत शिकले.

पहिली कितीतरी वर्षं मी माणसांना बुद्धाच्या मूर्तीपर्यंत न्यायची आणि परत आणायची. माणसांची एक खोड तेव्हापासून बघतेय. काही दिसलं की सगळे एकाच कडेला धावतात. मग मला चालवणारा सारंग शिवराज ओरडायचा, "अर्धे तिकडे व्हा रे बाबांनो! नाही तर बुद्धाऐवजी मासे बघताल!"

हा शिवराज मलकपेठेत राहतो. बापजादे उदगीरकडचे शेतकरी, याने मात्र जन्म पाण्यावर काढला. त्याचा एक नियम आहे. दोर सुटल्याशिवाय माझ्यावर गाणं वाजायचं नाही, आणि धक्का जवळ आला की वाजतं गाणं बंद. बोट लावताना त्याला माणसांचे आवाज ऐकू यावे लागतात. "गाण्याच्या नादात कुणाचा हात चेंगरला तर ते गाणं काय कामाचं?" म्हणतो. शहाणा माणूस. मला त्याने कधी उगाच धक्क्यावर आदळवलं नाही.

मग मालकाच्या डोक्यात जेवण आणि नाच आला. माझ्या वरच्या मजल्यावर लाकडी फरशी बसवली, खाली बुफेची टेबलं मांडली, आणि दर शनिवारी संध्याकाळी लॅटिन संगीताची सफर सुरू झाली. पाटी लागली. चार वाजवणारे आले. त्यांतला एक दोन उंच ढोल घेऊन बसायचा, कोंगा म्हणतात त्यांना. सालसा, बचाता असली नावं. गाणी स्पॅनिशमध्ये, म्हणजे गाणाऱ्यालाही अर्थ ठाऊक असेल अशी खात्री नाही. मला वाटलं, ही थेरं चार महिने चालतील.

नाच शिकवायला यायची ती प्रियदर्शिनी. तारनाक्याची पोर, बाप रेल्वेत. धीट. ती मोठ्याने मोजायची, "एक, दोन, तीन. पाच, सहा, सात. चार आणि आठ म्हणायचे नाहीत. तिथे फक्त थांबायचं. थांबणं पण नाचच आहे." पहिला अर्धा तास कुणी उठायचं नाही. माणसं ताटाचे फोटो काढायची, एकमेकांना कोपराने ढोसायची, "तू जा, तू जा." एकदा एक उठला की सगळे उठायचे. माणसं तोंडाने काय वाटेल ते सांगतात. माझी ओळख त्यांच्या पायांशी. पाय खोटं बोलत नाहीत.

म्हणूनच रामचंद्ररावांचं मला पहिल्या दिवशी कळलं.

गौलीगुड्याचे वकील. चाळीस वर्षं कोर्टात उभे राहिलेले. लग्नाच्या वाढदिवसाला मुलगा राहुल त्यांना आणि इंदुमतीबाईंना घेऊन आला. धक्क्यावरून माझ्यावर यायला एक फळी टाकतात, चार पावलांची. वकीलसाहेब तिच्यावर आले, दोन पावलं टाकली आणि थांबले. मान खाली, डोळे फळीवर, आणि दोन्ही हात छातीशी जुळलेले.

हात का जुळलेले ते मला माहीत होतं. एक हात थरथरत होता, दुसऱ्याने त्याला धरून ठेवलं होतं. टाचा फळीला जणू खिळ्यांनी ठोकल्या होत्या. कंपवात. त्यात माणसाचा पाय असा अचानक गोठतो, उंबऱ्यावर, अरुंद जागेत.

पण शिवराज आपल्या मुलखातला. पाण्यावर पाय ठेवायच्या आधी हात जोडणारी, पुलावरून जाताना नदीत नाणं टाकणारी माणसं बघत वाढलेला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मागच्यांना हाताने थोपवलं. "थांबा जरा. काका नमस्कार करून राहिलेत."

राहुलने तोंड उघडलं. त्याआधीच इंदुमतीबाई ठसक्यात म्हणाल्या, "हो, नेमच आहे त्यांचा. पाण्याला विचारल्याशिवाय पाय नाही ठेवत."

बोलता बोलता त्यांनी साडीच्या निऱ्यांखालून आपलं पाऊल नवऱ्याच्या पावलापुढे आडवं ठेवलं. त्या पावलावरून पाय टाकायचा म्हणून वकीलसाहेबांचा पाय उचलला गेला, आणि ते आत आले. घरी रोज हेच करत असणार बाई. कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.

वर जाताना राहुल कुजबुजला, "आई, सरळ सांगायचं ना. काय चोरी केलीय का बाबांनी?"

"कीव करून बघतात लोक. माझ्या नवऱ्याकडे असं कुणी बघितलेलं मला खपायचं नाही. तू गप्प बैस."

रामचंद्रराव काहीच बोलले नाहीत. ज्या आवाजाने कोर्टातले पंखे थांबतील असं लोक म्हणायचे, तो आवाज आजाराने बारीक करून टाकला होता. मग त्यांनी बोलणंच सोडलं होतं. त्यांच्या वाटचं बाईच बोलायच्या.

त्या संध्याकाळी ढोल सुरू झाला आणि प्रियदर्शिनी सरळ त्यांच्या टेबलापाशी आली. "काका, चला."

इंदुमतीबाई तिला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "पाठ एवढी उघडी टाकलीस, वारं नाही लागत का गं?"

"नाचायला लागलं की नाही लागत, काकू. तुम्ही पण या."

"मी पदर खोचून भाकऱ्या थापते. नाचत नाही. यांना ने."

आणि वकीलसाहेब नाचले. खोटं नाही सांगत. तालावर त्यांचे पाय सुटले. जो माणूस चार पावलांच्या फळीवर अडला होता, तो माझ्या लाकडी फरशीवर मोजून मागे-पुढे जात होता, एक दोन तीन, थांबा, पाच सहा सात, थांबा. जिथे बाकीचे चुकून पुढे पडत, तिथे ते बरोबर थांबत. थांबण्यात त्यांचा हात कोण धरणार? राहुल कठड्याशी जाऊन पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या कठड्यावर त्याच्या डोळ्यांतलं पाणी पडलं, तेवढं मी ठेवून घेतलं.

त्यानंतर नवराबायको दोघं दर शनिवारी यायचे. चढताना नमस्कार, बाईंचं आडवं पाऊल. उतरताना बाई म्हणायच्या, "आम्हाला घाई नाही, सगळ्यांना जाऊ दे." सगळे गेले की पुन्हा तेच. आणि बघा माणसांची तऱ्हा! दुसऱ्या महिन्यापासून बाकीचे नेहमीचे लोकही फळीवर थांबून हात जोडायला लागले. हायटेक सिटीतली जीन्स घातलेली पोरंपोरी, पायातले बूट काढून! एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "अगं, इथली पद्धतच आहे. ते अंकल सीनियर वकील आहेत, त्यांनी सुरू केली."

मला हसू यायचं आणि रागही. इंदुमतीबाईंचा जास्त. पण खरं सांगते, रागावताना मी त्यांच्यात स्वतःला बघत होते. माझ्या तळाला पाणी झिरपायचं तेव्हा मीही इंजिन जरा जोरात धडधडवायची. कुणाला कळू नये म्हणून.

मेमधला शनिवार होता. जेवणं अर्ध्यावर, नाच रंगात. सिकंदराबादेच्या बाजूने आभाळ पिवळं झालं आणि पाऊस घेऊन वारा सुटला. असा वारा या तळ्यावर वर्षातून दोनदाच येतो. शिवराजने गाणं थांबवलं, मला वळवलं आणि धक्क्याला आणलं. दोर बांधला, पण वारा मला उचलून धक्क्यावर आपटत होता. सत्तर माणसं जिन्यावरून खाली आली. ओरडणं, पोरांचं रडणं.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आधी म्हाताऱ्यांना जाऊ द्या!" चांगल्या घरची माणसं. गर्दीने बाजूला होऊन वाट केली आणि रामचंद्ररावांना हाताला धरून सगळ्यांच्या पुढे काढलं. इंदुमतीबाई मागे चौथ्या-पाचव्या रांगेत अडकल्या. वकीलसाहेब फळीवर आले. दोन पावलं टाकली.

आणि थांबले.

मान खाली. हात छातीशी.

मागची सगळी गर्दी गप्प झाली. एवढ्या वाऱ्यात सत्तर माणसांनी हात जोडले. कुणी ढकललं नाही, कुणी हूं केलं नाही. मी धक्क्यावर आदळतेय, फळी सरकतेय, आणि ही माणसं भक्तिभावाने उभी! शिवराज सुकाणूवरून ओरडला, "काका, आज नमस्कार पुरे करा! फळी जाऊन राहिली!"

आतून इंदुमतीबाई ओरडत होत्या, "मला पुढे जाऊ द्या! मला त्यांच्यापाशी जाऊ द्या!" एकाने त्यांचा दंड धरला. "काकू, शांत व्हा, देवाचं होऊ द्या."

"देवाचं नाही रे मेल्या..." बाईंचा शब्द तिथेच अडला. सांगितलं असतं तर दोन महिन्यांचं खोटं सत्तर जणांसमोर उघडं पडलं असतं. मी पुन्हा आदळले. तळाशी, जिथे मला दोन तुकड्यांतून सांधलं होतं, तिथे काहीतरी उसवलं. मला कळलं. पण ती वेळ माझी नव्हती.

मग आवाज आला. आधी घोगरा, मग चढत गेलेला. कोर्टातला.

"मी नमस्कार करत नाहीये!"

सगळ्यांनी माना वर केल्या.

"ऐका. मला कंपवात आहे. माझा पाय उचलत नाही. कधीच नमस्कार केला नाही मी. मला ओढू नका, पडेन. ताल द्या."

मग शिवराजने, ज्याने आयुष्यात धक्क्याला गाणं वाजू दिलं नाही त्याने, हाताचा कर्णा करून आरोळी दिली, "बजाव रे! जोरात बजाव!"

ढोलवाला जिन्यात उभ्याउभ्या ढोलावर तुटून पडला. प्रियदर्शिनी गर्दीतून ओरडायला लागली, "एक, दोन, तीन!" जोडलेले हात सुटले आणि टाळ्या वाजवायला लागले. वकीलसाहेबांचा उजवा पाय उचलला, पावलं आखूड, नाचातली. एक, दोन, तीन. चारवर थांबले, तेव्हाच मी आदळले, फळी हलली, ते हलले नाहीत. पाच. सहा. धक्क्यावर.

मागोमाग सत्तर जण उतरले. इंदुमतीबाई त्यांच्यापाशी पोचल्या तेव्हा भिजल्या होत्या, आणि संतापल्या होत्या. "सगळ्यांसमोर सांगितलंत!"

"हो," ते म्हणाले. "बरं वाटलं गं. किती दिवसांनी माझं मी बोललो."

नवऱ्याचा थरथरता हात बाईंनी पदराखाली घेतला, मग थांबल्या, आणि पदर बाजूला करून उघड्यावरच धरला.

दुसऱ्या दिवशी मला पाण्यातून ओढून काठावर आणलं. सांधा दीड हात उसवलाय. तेव्हापासून इथेच आहे, तळाखाली लाकडी ठोकळे, अंगावर ताडपत्री. शनिवारची सफर आता दुसऱ्या बोटीवर असते. वाऱ्यावरून ढोल ऐकू येतो, आणि फळी टाकल्या टाकल्या ऐकू येतो. शिवराजने नियम बदललाय.

मागच्या आठवड्यात ती दोघं मला बघायला आली. माझ्याजवळ येता येता वकीलसाहेबांचा पाय वाटेत गोठला. मागून फिरायला आलेला एक गृहस्थ अदबीने थांबला. इंदुमतीबाई वळून त्याला म्हणाल्या, "कंपवात आहे यांना. जरा थांबा, निघतील आपले आपण." आवाज तोच ठसक्याचा. मान जराही खाली नाही. निघाले ते.

आणि आज सकाळी रंगारी आलाय. मालकाने त्याला माझ्या चिरेत पुट्टी भरायला सांगितलीय, वरून दोन हात पांढरा रंग. कुठल्याशा दुसऱ्या तळ्यावरचा माणूस मला विकत घ्यायला येणार आहे, त्याला मी धडधाकट दिसायला हवी.

म्हणून बोलतेय. माझा सांधा फाटलाय. पुन्हा पाण्यात घातलीत तर मी माणसं घेऊन बुडेन. नीट तोडून, तापवून, नव्याने सांधता येत असेल तर सांधा, मी अजून दहा वर्षं नाचवीन. येत नसेल तर मोडीत घाला, माझी तक्रार नाही. पण तो रंगाचा डबा आधी उचला माझ्यापुढून.