मनगटाचा झटका

बोरामने सेऊलला येणाऱ्या बसमध्ये आईला एकच गोष्ट पढवली होती. कोर्टात विचारतील तेवढंच बोलायचं.

"अगं, मी काय कुकुलं बाळ आहे?" मालसुनबाई फणकारल्या.

बोराम नाच बसवायची. गाण्यांच्या एका बड्या कंपनीने तिच्याकडून नमुन्याची चित्रफीत मागवली, आवडली नाही म्हणून कळवलं, आणि सहा महिन्यांनी त्यांच्या गाणाऱ्या पोरी एका नव्या गाण्यावर तोच नाच जगभर नाचू लागल्या. मनगट गर्रकन फिरवून हात मागे झटकायचा, ही त्यातली गंमत. शाळकरी पोरंसुद्धा ते करायची. नाव मात्र दुसऱ्याच कुणाचं. बोरामला त्या नाचाखाली आपलं नाव हवं होतं, बस्स; त्यासाठीच तिने कंपनीवर दावा लावला होता.

त्या गाण्याच्या आधीच, चांद्र नववर्षाला, लेकीने घरी हा नाच करून दाखवला होता. आईने साक्षीत एवढंच सांगायचं होतं, आणि ते तिने ठणठणीत सांगितलं. बोरामच्या वकीलबाई खूश होऊन खाली बसल्या.

मग कंपनीचा वकील उठला. तरणाबांड, साखरेसारखा गोड.

"मावशी, इतका सुंदर झटका पोरीला सुचला तरी कुठून?"

आई मासळीच्या धंद्यात आहे, असं लोकांना मोघम सांगून बोरामने वर्षानुवर्षं वेळ मारून नेली होती. त्या नववर्षाला मात्र ती म्हणाली होती, "आई, हा तुझाच हात आहे." मालसुनबाईंनी ते आपल्या सगळ्या तोंगयोंग गावाला सांगितलं. वकीलबाईंना ते सांगायचं मात्र बोरामला सुचलंच नव्हतं.

"सुचतोय कसला! माझा आहे तो!" मालसुनबाई सरसावून बसल्या. "कालवात सुरी घालायची, मनगट असं फिरवायचं, अन् शिंपला मागं भिरकावायचा. हे बघा!"

त्यांनी करून दाखवलं. हुबेहूब तेच. न्यायाधीशही पुढे झुकून बघू लागले.

"वा! आणि असं तुम्ही एकट्याच करता?"

"छे हो! आमच्या कालवं फोडायच्या शेडमधल्या झाडून साऱ्या बायका करतात. माझी सासूसुद्धा करायची. पलीकडच्या बेटावर जा, तिथंही हेच!"

"माझं झालं," म्हणून तो बसला.

वकीलबाईंनी डोळे मिटले. जे सगळेच करतात ते कुणा एकाचं नसतं, हेच तर कंपनी पहिल्यापासून म्हणत होती. आई खोटं बोलतेय म्हणावं, तर ती अक्षर न् अक्षर खरं बोलली होती. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बाहेर त्या वकिलाने मालसुनबाईंना कमरेत वाकून नमस्कार केला. त्या त्याच्याहून खाली वाकल्या.

"किती गुणाचा पोरगा! लग्न झालंय का गं त्याचं?" असं विचारतच त्यांनी शेडला फोन लावला. "अगं, ऐका! साहेबांना मी तुम्हा सगळ्यांचं सांगितलं. आपला हात बघून कोर्ट गप्पच झालं! आता लागतंय पोरीचं नाव!"

पलीकडे बायकांनी एकच गलका केला. आईने फोन लेकीच्या कानाला लावला. "बोल ना, कधीच्या खोळंबल्यात."

"हो मावशी," बोराम म्हणाली. "आई फार छान बोलली."

पलीकडे बायका टाळ्या वाजवत होत्या.