आधी तुमचं नाव सांगा

मित्रांनो, मी मेंदूत खोलवर, कानाच्या आतल्या अंगाला राहतो. दिसायला समुद्रघोड्यासारखा आहे. डॉक्टर मला हिप्पोकॅम्पस म्हणतात. बोटभर जिवाला एवढं लांबलचक नाव. पण ते काही मी ठेवलेलं नाही. शालिनीताईंच्या डोक्यात मी शहात्तर वर्षं नोकरी केली, आणि अजून राजीनामा दिलेला नाही.

दिवसभरात नवं घडेल ते पकडायचं, नीट लावायचं आणि कायमचं ठेवायला मेंदूच्या इतर भागांकडे सोपवायचं, हे माझं काम. शालिनीताईंनी मला कधी रिकामं बसू दिलं नाही. शिंदे की छावनीतली सून थाटीपुरातल्या कोणाची भाची, हे ग्वाल्हेरची मराठी मंडळी त्यांनाच विचारत. शाबासकी त्यांना मिळे. माझं नाव कोणी घेतलं नाही.

मग स्मृतिभ्रंश आला आणि त्याने सुरुवात माझ्यापासूनच केली. पेशी मरू लागल्या, मी आकसलो. जुन्या आठवणी दुसरीकडे होत्या, त्या बऱ्याचशा वाचल्या. पण सकाळी खाल्लेले पोहे दुपारपर्यंत निसटू लागले, आणि समोरच्या चेहऱ्याचं नाव शोधता शोधता मी दमू लागलो.

जयेंद्रगंजात दर मंगळवारी भजन असतं. तिथे येणाऱ्या सुमनताई पुढ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "ओळखा बरं, मी कोण?" मग दुसरीने विचारलं, तिसरीने विचारलं. सगळ्या हसल्या. मनात वाईट नव्हतं कोणाच्या, पण शालिनीताई ओशाळल्या.

घरी येईपर्यंत मी तो प्रसंग हरवला. मात्र माझा एक बदामाएवढा शेजारी आहे, भावना तो सांभाळतो. त्याने ते ओशाळणं घट्ट धरून ठेवलं. पुढच्या मंगळवारी शालिनीताई हातात साडी घेऊन तशाच बसून राहिल्या. जायचं नाही म्हणाल्या. का, ते त्यांनाही सांगता येईना. असे तीन मंगळवार गेले. चौथाही गेला असता तर भजन कायमचं सुटलं असतं. आणि मित्रांनो, माणसांत जाणं सुटलं की आमच्यासारख्यांचं लवकर आटोपतं.

सून निधीच्या ते लक्षात आलं. "आई, मी बरोबर बसते ना, चला," म्हणत ती त्यांना घेऊन गेली. दारातच सुमनताई. पुन्हा तोच प्रश्न.

मी शोधलं. खरंच शोधलं. नाव मिळालं नाही.

शालिनीताईंनी पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्हालाही आठवत नाही का? असू दे. बसा, दोघी मिळून विचारू कोणाला तरी."

खोलीभर हशा पिकला, आणि या वेळी तो शालिनीताईंच्या बाजूचा होता. सुमनताई शेजारी टेकल्या. "आधी नाव सांगायचं ना, उसमें क्या है," निधी हळूच म्हणाली. तेव्हा त्या म्हणाल्या, "मी सुमन. थाटीपुरची."

मित्रांनो, मी बरा होणार नाही. रोज थोडा झिजतो आहे. पण माझी कीव करू नका आणि माझी परीक्षा तर मुळीच घेऊ नका. तुमच्या घरात माझ्यासारखा थकलेला कोणी असेल, तर आपलं नाव सांगा आणि शेजारी बसा. तुमचं नाव मी हरवीन. तुम्ही कसे वागलात, ते माझा शेजारी हरवू देणार नाही.

येत्या मंगळवारी आम्ही भजनाला जाणार आहोत. सुमनताईंचं नाव मला आठवणार नाही. त्यांनी ते पुन्हा सांगावं.