माझ्यावर पडणारी माणसं

मी उंच उडीची गादी बोलतेय. धायरीतल्या एका क्रीडा मंडळाच्या मैदानावर, कार्यालयाच्या खिडकीखालच्या सिमेंटवर माझा मुक्काम असतो. नाव एकच असलं तरी माझे तुकडे तीन. ते पट्ट्यांनी आवळून बांधले की मी अखंड होते. मुलं धावत येतात, आडव्या दांडीवरून पाठमोरी उलटतात आणि माझ्यावर येऊन पडतात. टाळ्या उडीला मिळतात. पडण्याचं कौतुक कुणी केलेलं मी तरी ऐकलं नाही.

माझी खरी कदर कमरजहां मॅडमना. त्या इथल्या प्रशिक्षक. आधी मैदानाला फेऱ्या, मग घोटे, गुडघे, कंबर मोकळी करायची, मग छोट्या उड्या. अंग तापल्याशिवाय माझ्याकडे फिरकायचं नाही, हा त्यांचा नियम. मुलं कुरकुरतात. उडी सगळ्यांना हवी असते, व्यायामाचं नाव काढलं की यांच्या पोटात दुखायला लागतं. तोवर मॅडम गुडघे टेकून माझे पट्टे ओढून बघतात.

मंडळात खंडेनवमीला खेळाच्या साहित्याची पूजा होते. भाले, थाळ्या, गोळे धुऊनपुसून मांडतात. यंदा सेक्रेटरी श्रीनिवासरावांना फोटोत सगळं भरगच्च दिसायला हवं होतं. म्हणून माझे तिन्ही तुकडे सोडवून प्रत्येकाला वेगळा झेंडूचा हार घातला. मी हरखूनच गेले, खोटं कशाला बोलू!

तेवढ्यात पाहुणे आले. श्रीनिवासराव उंच उडी शिकणाऱ्या अक्षताकडे बघत म्हणाले, "मॅडम, अक्षताची एक उडी दाखवा की."

"सर, तिचा वॉर्म-अप झालेला नाही."

"अहो, एकच तर उडी! पाहुण्यांना घाई आहे."

मॅडमनी त्यांचं ऐकलं, तिथंच चुकलं. हार काढून त्यांनी माझे तुकडे घाईघाईने जवळ सरकवले. पट्टे बांधायचे राहिले. अक्षता तशीच थंड अंगाने धावली. ती पडली आणि माझे तुकडे फाकले. तिचा हात मधल्या फटीतून थेट सिमेंटवर आपटला. मनगट मोडलं. ज्या कामासाठी माझा जन्म, तेच मला जमलं नाही. फार वाईट वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच श्रीनिवासरावांनी मॅडमना बजावलं, "पोरगी आपल्या मनाने धावली म्हणा. नाहीतर सगळं तुमच्यावर येईल, नोकरीही जाईल." खिडकीखाली असल्याने मला सगळं ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने अक्षताचे वडील, सुखदेव, आले. श्रीनिवासरावांनी भिंतीवरची पाटी दाखवली. 'इजा झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही.'

"पाटी वाचून हाड जुळतं का हो?" सुखदेवांनी शांतपणे विचारलं.

मग मॅडम बोलल्या. "ती मनाने धावली नाही, आम्ही धावायला लावलं. पट्टे बांधले नव्हते, ती चूक माझी. पाटी लावून जबाबदारी टळत नाही. मंडळाने मुलांचा विमा काढलाय तो याचसाठी. दावा आजच करू, आणि जे घडलं तेच सांगू."

दवाखान्याचा खर्च विम्यातून निघाला. मॅडमना मात्र घरी बसवलं.

प्लॅस्टर निघाल्यावर सुखदेव चार पालकांना घेऊन कार्यालयात आले. "ज्या बाईंनी स्वतःची चूक तोंडावर सांगितली, त्यांच्याच हाती मी मुलगी देईन. दुसरं कुणी नको." श्रीनिवासरावांनी खूप आढेवेढे घेतले, पण पुढच्या आठवड्यात मॅडम परतल्या.

आता अक्षता रोज येते. सगळा व्यायाम मन लावून करते, धावत येते आणि दांडीपाशी थबकते. मॅडम रागवत नाहीत. काल ती नुसतीच येऊन माझ्यावर बसली आणि तळव्याने मला दाबून बघत राहिली.

"मॅडम, ही धरेल ना मला?"

"तुला वाटेल तेव्हाच उडी मार. कुणालाही घाई नाहीये."

श्रीनिवासराव मला अपशकुनी म्हणतात. नवी गादी मागवून मला भंगारात काढणार आहेत. माझा फोम अजून चांगला आहे, पण माझं कोण ऐकणार? काढायचं तर खुशाल काढा. फक्त त्याआधी अक्षताची पाठ एकदा माझ्यावर टेकू द्या.